माळावरचे बाकीचे महिने

उंच पर्वतावर, जिथे झाडे मागे पडतात आणि पुढे फक्त दगड, खुरटे गवत आणि बर्फ उरतो, तिथल्या एका कपारीत एक रानशेळी आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत असे. दोघींच्या अंगावर दाट, लांब लोकर होती. तरीसुद्धा मुलांनो, तिथली थंडी अशी होती की ती लोकरीतूनही आत शिरायची.

मुलगी तरुण होती, तिला ते सोसत असे. आईचे मात्र फार हाल होत. हिवाळा लागला की तिचे गुडघे आखडत. गेल्या हिवाळ्यात तर एका सकाळी तिला उठताच येईना. मुलीने तिला अंगाशी धरून ऊब दिली, डोक्याने हळूहळू ढकलून उभे केले, तेव्हा कुठे दुपारी तिने चार पावले टाकली.

"या वर्षी उठले," आई म्हणाली, "पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही हं, पोरी."

आई हे सहज बोलून गेली आणि गवताकडे वळली. पण मुलीच्या मनातून ते जाईना. आईला पुढचा हिवाळा इथे काढू द्यायचा नाही, असे तिने ठरवले. पण न्यायचे तरी कुठे?

कपारीच्या खाली एक तळे होते. बर्फ वितळला की तिथे केशरी रंगाचे चक्रवाक पक्षी येत, अंडी घालत, पिल्ले वाढवत आणि थंडी पडायच्या आत उडून जात. रानशेळी एक दिवस तळ्यावर उतरली आणि एका चक्रवाकाला तिने विचारले, "दादा, थंडीत तुम्ही जाता कुठे?"

"दक्षिणेला. खूप खाली. तिथे मोठा माळ आहे, माळाला लागून नदी आहे. आम्ही दर वर्षी तिथेच उतरतो."

"तिथे बर्फ पडतो का?"

चक्रवाक हसला. "बर्फ? तिथल्या कोणाला बर्फ म्हणजे काय ते माहीतसुद्धा नाही."

"वारा बोचतो?"

"मुळीच नाही. सकाळी कोवळं ऊन असतं. नदी भरलेली, गवत कमरेएवढं, बोरींना बोरं. मी आजवर तिथे एकही वाईट दिवस पाहिलेला नाही."

तो खरेच सांगत होता. रानशेळीने आणखी पुष्कळ विचारले. पाणी गोठते का, धुके किती दिवस राहते, गवतावर दंव जमते का. प्रत्येक उत्तर ऐकून तिचे डोळे चमकत होते. ती धावत कपारीत आली. "आई, आपण खाली जायचं," ती म्हणाली, "तुझ्या गुडघ्यांसाठी."

"माझ्या गुडघ्यांसाठी एवढं चालायचं, ते कोणाच्या गुडघ्यांनी?" आईने विचारले. पण मुलीचा चेहरा पाहून ती निघाली.

नदी धरून त्या उतरू लागल्या. आई दोन दिवस चाले, एक दिवस बसे. पर्वत संपले, दाट जंगले आली, तीही मागे पडली. वाटेत हवा उबदार होत गेली तशी आईची चाल सुधारली. आणि हिवाळ्याच्या मध्यावर एका सकाळी त्या माळावर पोचल्या.

सगळे चक्रवाकाने सांगितल्यासारखेच होते. पिवळसर, उंच गवत वाऱ्यावर डुलत होते. नदीच्या पात्रात चक्रवाक पोहत होते. ओळखीचा चक्रवाक तर लांबूनच ओरडला, "आलात का? मग, मी म्हणालो तसंच आहे ना?"

माळावर एक मोठा काळा खडक होता. त्यावर एक घोरपड ऊन खात पडलेली असे. तिचा जन्म तिथलाच. खडकाखालच्या बिळात तिची आई राहिली होती, आजीही राहिली होती. घोरपडीला एक सवय होती. कोणी विचारेल तेवढ्याचेच उत्तर ती देई, त्यापुढे एक शब्द नाही.

"मावशी, इथे खरंच बर्फ पडत नाही?" रानशेळीने विचारले.

"नाही."

"कधीच?"

"कधीच."

"रात्री पाणी गोठत नाही?"

"नाही."

"मग इथे थंडीने कोणी मरत नाही?"

"थंडीने नाही," घोरपड म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

रानशेळीचे समाधान झाले. उंच गवतात जागा तुडवून तिने आईसाठी मऊ बिछाना केला. आई बोरे खाऊ लागली, उन्हात पाय पसरून बसू लागली. महिन्याभरात तिचे गुडघे असे मोकळे झाले की एक दिवस ती एकटीच शेजारच्या टेकडीवर जाऊन आली.

"टेकडी कसली, उंचवटा आहे नुसता," ती आल्यावर म्हणाली. पण तिला आनंद झाला होता हे मुलीला दिसले.

थंडी ओसरली. पळसाला लाल फुले आली. एका सकाळी रानशेळी नदीवर गेली तर चक्रवाकांची गडबड चालू होती. कोणी पंख साफ करत होते, कोणी पोरांना हाका मारत होते.

"दादा, कुठे निघालात?"

"घरी. वर."

"आत्ताच? इतकी छान हवा सोडून?"

"ऊन चढायच्या आत निघायची आमच्यात रीत आहे. आजोबा निघायचे, बाबा निघायचे, म्हणून आम्ही निघतो."

रानशेळीने विचारले, "पण उन्हाळ्यात इथे कसं असतं?"

चक्रवाकाने आपल्या बायकोकडे पाहिले. तिने नकारार्थी मान हलवली. "अगं, ते मला कसं माहीत असणार?" तो म्हणाला. "उन्हाळ्यात मी तुझ्या कपारीखालच्या तळ्यात असतो की."

आणि थवा उडाला. केशरी ठिपके लहान लहान होत उत्तरेला दिसेनासे झाले.

त्यानंतर ऊन रोज थोडे थोडे वाढत गेले. गवताचा रस गेला, मग रंग गेला. नदीचे पाणी आधी डबक्यांएवढे राहिले, मग डबकीही राहिली नाहीत. दुपारी दगडांवर पाय ठेववेना. दोघींच्या अंगावरची ती दाट लोकर आता वैऱ्यासारखी झाली. मुलीला धाप लागे. आई तर दिवसभर तोंड उघडे टाकून पडून राही.

"थंडीतून वाचवून आणलंस," ती एकदा हळूच म्हणाली, "पण पोरी, इथेही मला उठवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने चारा तोंडात घेतला नाही. मुलीने हाक मारली तर तिने नुसते डोळे उघडले आणि मिटले. मग मात्र रानशेळी धावत सुटली. काळ्या खडकावर घोरपड नव्हती. ती बिळाच्या तोंडाशी, सावलीत होती.

"मावशी, माझी आई मरते आहे. इथे असं होतं, हे तू मला का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," घोरपड म्हणाली. "बर्फ पडतो का विचारलंस, नाही म्हणाले. पाणी गोठतं का विचारलंस, नाही म्हणाले. तुझी सगळी चौकशी तुझ्या डोंगराची होती. या माळाबद्दल तू काही विचारलंसच नाही."

रानशेळीला रडू येत होते. पण रडण्यात वेळ घालवण्यासारखी ती वेळ नव्हती. तिने मान वर केली आणि पहिल्यांदा वेगळा प्रश्न केला. "मग आता विचारते. उन्हाळ्यात इथे जगायचं कसं?"

घोरपड बिळातून बाहेर आली. इतक्या वर्षांत तिला कोणी असे विचारले नव्हते. ती सरपटत पुढे निघाली आणि बोलू लागली.

"आधी पाणी. नदी वरून आटते, खालून नाही. पात्राच्या काठावरचं ते करंजाचं झाड दिसतंय? सगळा माळ वाळलाय तरी ते हिरवंगार आहे, म्हणजे त्याच्या मुळांना पाणी आहे. त्याच्या पायथ्याशी वाळू उकर."

रानशेळीने खुरांनी वाळू उकरली. आधी कोरडी निघाली, मग ओलसर, मग थंड. खड्डा गुडघ्याएवढा झाला आणि तळाशी पाणी पाझरू लागले. घोरपडीने सांगितले की याला झिरा म्हणतात, आणि तो रोज उकरावा लागतो. मुलीने आईला ढकलत, ओढत करंजाच्या सावलीत आणले. आईने आधी ओठ भिजवले, मग प्याली, मग बराच वेळ पीतच राहिली.

"आता अंगावरचं ते काढा," घोरपड म्हणाली.

"लोकर? ती कशी काढणार? ती अंगाचीच आहे."

"मीही माझी कातडी टाकते, काही होत नाही. ती बोरीची जाळी आहे ना, तिच्यात अंग घासा. काटे आपोआप ओढून घेतील."

ऊन उतरल्यावर दोघी जाळीत शिरल्या. झुबके काट्यांना लटकू लागले. म्हाताऱ्या शेळीने आपली लोकर बोरीवर पसरलेली पाहिली. "कुठे आपली कपार आणि कुठे ही बोर," ती पुटपुटली. "हिला थंडी वाजत असेल तर आता वाजायची नाही म्हणावं."

त्या दिवसापासून त्या पहाटे आणि संध्याकाळी चरू लागल्या, दुपारभर करंजाखाली पडून राहू लागल्या. रात्री मात्र त्या आपल्या जुन्या बिछान्यावर जात. उंच गवतात मऊ वाटे, आईच्या गुडघ्यांना ते बरे पडे. आई आता उठत होती, बोलत होती. मुलीला वाटले, निभावले.

पण एकदा फसलेली असल्यामुळे तिने तिथेच थांबायचे नाही असे ठरवले होते. ती पुन्हा घोरपडीकडे गेली.

"मावशी, ऊन कळलं. आणखी काय होतं इथे, जे आमच्या डोंगरात होत नाही?"

घोरपडीने तिच्याकडे जरा कौतुकाने पाहिले. "वणवा," ती म्हणाली. "गवताला आग लागते आणि वाऱ्याबरोबर पळते. घोड्यापेक्षा वेगाने पळते. तुम्ही निजता कुठे?"

"गवतात."

"आज निजू नका. उद्याही नको. नदीच्या पात्रात वाळूवर निजा. वाळूला आग लागत नाही. आणि घारी एकाच जागी खूप जमल्या की समज, तिथे आग आहे. पळणारे किडे टिपायला त्या येतात."

आईला हे मुळीच पटेना. "आग कुठे आहे? मला तर दिसत नाही. मऊ जागा सोडून वाळूत लोळायचं, तेही एका सरड्याच्या सांगण्यावरून."

"ती घोरपड आहे, आई."

"मोठा सरडाच तो."

तरीही मुलीने ऐकले नाही. संध्याकाळी तिने आईला पात्रात आणले. त्या आठवड्यात आई रोज कुरकुरत होती, आणि रोज मुलगी तिला तिथेच निजवत होती.

एका दुपारी दोघी करंजाखाली बसल्या होत्या. मुलीने सहज वर पाहिले. टेकडीच्या पलीकडे घारी जमत होत्या, एक, दोन, मग पुष्कळ. ती ताडकन उठली. "आई, पात्राच्या मध्यावर चल. चरायचं नाही, थांबायचं नाही, चल."

आईने घारी पाहिल्या आणि या वेळी ती मुलीच्याही पुढे निघाली. दोघी रुंद वाळूच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. टेकडीवरून आधी धूर आला, मग कडकड असा आवाज, मग ज्वाळांची रांग. वाऱ्याच्या एका झोतात ती माळावर पसरली. त्यांचा मऊ बिछाना होता ते उंच गवत डोळ्यांदेखत पेटले आणि पाच श्वास घेईपर्यंत काळे झाले. आग काठापर्यंत आली, वाळू पाहिली आणि तिथेच धुमसत बसली. करंजाची कडेची पाने करपली, झाड मात्र उभे राहिले.

आई बराच वेळ त्या काळ्या जागेकडे पाहत होती. मुलगी तिच्या अंगाला चिकटून उभी होती. थोड्या वेळाने काठावर राखेतून वाट काढत घोरपड आली. बीळ खोल असल्यामुळे तिला काही झाले नव्हते.

"आहात का दोघी?" तिने विचारले.

"आहोत," म्हातारी शेळी म्हणाली. ती पुढे झाली आणि घोरपडीसमोर गुडघे दुमडून बसली. ते गुडघे आता सहज दुमडत होते. "बाई, आजवर माझ्या मुलीने विचारलं, आता मीच विचारते. यानंतर पाऊस येतो म्हणतात. तो कसा असतो, कुठून येतो, त्यात काय बुडतं, काय उगवतं, अंगाला काय चावतं, पायाला काय लागतं? सगळं सांगा. आम्हाला घाई नाही."

घोरपडीने वाळूत आपली जागा करून घेतली. "बसा तर मग," ती म्हणाली. "ज्येष्ठापासून सांगते."

तात्पर्य : नव्या ठिकाणी आपला जुना त्रास नाही एवढे ऐकून सुखावू नये, तिथला त्रास कोणता, हे आधी विचारावे, आणि जो तिथे बारा महिने राहतो त्याला विचारावे.