निळ्या घोड्याचं शेवटचं रीळ

नदीकाठच्या एका गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळा घोळ तिथंच व्हायचा.

गावच्या जत्रेला दरवर्षी तंबूतला सिनेमा यायचा. एका साली उडणाऱ्या निळ्या घोड्याच्या सिनेमाचा पहिला भाग आला. घोडा वाळवंटात तहानेनं कासावीस झाला आणि गेनबानं उठून पडद्यावर बादलीभर पाणी ओतलं. तंबूच्या मालकानं त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं.

"अरे शहाण्या," थोरली बहीण यमुनाक्का म्हणाली, "काही दिसलं तरी हलायचं नाही. गप बसून बघायचं."

दुसऱ्या दिवशी शेळीनं अक्काचे वाळत घातलेले पापड फस्त केले. गेनबा समोरच मांडी घालून बसला होता.

"अरे, हाकलायचं नाही का तिला?"

"गप बसून बघितलं की, अक्का."

"कर्म माझं! असं दिसलं की बोंब ठोकायची, गाव गोळा करायचं!"

पुढच्या जत्रेला दुसरा भाग आला. राक्षसानं घोड्याला साखळदंडानं बांधलं मात्र, गेनबानं अशी बोंब ठोकली की अर्धा तंबू काठ्या आणायला घरी पळाला.

तिसऱ्या भागाची गावानं वर्षभर वाट पाहिली. हा शेवटचा. घोडा मरतो, अशी कुजबुज होती. बायकांनी आदल्या दिवसापासूनच डोळ्यांना पदर लावले. गेनबाच्या तर घशाखाली घास उतरेना. फार जीव होता त्याचा त्या घोड्यावर.

अक्कानं बजावलं, "या वेळी घोळ नको. मयताला गेल्यासारखा वाग. मान खाली, आवाज हळू, आणि पडेल त्या कामाला पुढं हो."

मध्यंतराला बाण लागून घोडा कोसळला. त्याचे डोळे मिटले. तंबूभर हुंदके सुरू झाले. गेनबा मान खाली घालून मशीनवाल्याकडे गेला.

"घोडा कुठाय?" त्यानं हळूच विचारलं.

"आता उरलेला घोडा त्या डब्यात," मशीनवाला चहा फुंकत म्हणाला.

मध्यंतर संपलं. दिवे मालवले. पडदा पांढराच राहिला. घोडा उठतो की नाही, एवढंच गावाला कळायचं होतं, आणि रिळाचा डबाच जागेवर नव्हता. तेवढ्यात कुणाला तरी नदीवर धूर दिसला.

सगळे धावले. काठावर गेनबा ओलेत्यानं उभा होता. पायाशी फुटकं मडकं. समोर गोवऱ्यांवर रीळ चरचर जळत होतं.

"अरे, त्यात घोडा उठणार होता रे!" मालक मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

गेनबा मान खाली घालून पुढं झाला. त्यानं मालकाच्या पाठीवरून हात फिरवला.

"धीर धरा, मालक. परवा सकाळी राख सावडायला या."