उरलेले पाचवे कलम

फार जुन्या काळी, एका थंड डोंगरी राज्यात दोन भाऊ राहत. पंजासारख्या पानांच्या मेपल झाडांची रोपे वाढवणे हा त्यांचा धंदा.

दर वसंतात थोरला हजारो नव्या रोपांवरून नजर फिरवी. एका वर्षी त्याला एक रोप वेगळे दिसले. पाने काळपट तांबडी, आणि कडेला बारीक गुलाबी रेघ. असे झाड राज्यात कुठेच नव्हते. थोरल्याने धाकट्याला सांगून ठेवले, की याचे बी पेरून हे पुन्हा मिळणार नाही. जरा वाढू दे, मग कलमे बांधू.

तिसऱ्या वर्षी थोरला तापाने गेला.

त्याच हिवाळ्यात त्या रोपाचे खोड बुंध्याकडून काळे पडू लागले. भावाचे एवढेच मागे उरले होते. त्याने पाच निरोगी काड्या कापल्या, कुंड्यांतल्या पाच साध्या मेपल रोपांच्या खोडांना चिरा देऊन त्यांत बसवल्या आणि मेण लावलेल्या सुताने घट्ट बांधल्या.

हात कसबी होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सांधा जुळला असेल का? आठव्या दिवशी त्याने एका कलमाचे सूत सोडून पाहिले. काडी हिरवी होती. त्याने पुन्हा बांधले. तीन दिवसांत ती वाळली.

मग भीती वाढली, आणि त्या भीतीपोटी त्याने दुसरे सोडले. मग तिसरे. दरवेळी वाटे, एकदाच बघू. चौथे वाळले त्या दिवशी मूळ रोपही मेले.

पाचव्याला तो हात घालणार, तोच थोरल्याची बायको आली. तिने ती कुंडी उचलून कडेवर घेतली.

"द्या ते, वहिनी. आतून सडत असेल तर?"

"सडेल तर सडेल. लहानपणी लसूण लावून रोज उकरून बघायचात म्हणे तुम्ही. तुमचे दादा सांगायचे मला. तुमचा लसूण कधी उगवला नाही."

धाकट्याने मान खाली घातली.

"मलाही बघावंसं वाटतं, भावोजी," ती हळू म्हणाली. "पण चाळीस दिवस माझ्या परसात पाऊल टाकायचं नाही."

तो रोज कुंपणापाशी येई आणि परते. रिकाम्या हातांना काम म्हणून त्याने सारी वाफ्यांची जमीन खणून काढली.

चौतिसाव्या दिवशी त्याला कुंपणाबाहेरून कलमावरचा डोळा फुटलेला दिसला. इवलेसे पान, काळपट तांबडे, कडेला गुलाबी. त्याने फाटकाच्या कडीवर हात ठेवला. मग तो काढून घेतला, आणि उरलेले सहा दिवस तो बाहेरच उभा राहिला.

त्या एका कलमापासून पुढे गावोगावी झाडे झाली. त्या चार काड्या मात्र परत आल्या नाहीत.

तात्पर्य: जे जुळू लागले आहे, ते काळजीपोटीसुद्धा उकलून पाहू नये.