तोंडभर पाणी

"मग बुवा, खोट खेळात आहे की खेळणाऱ्यांत?"

कौस्तुभने विचारलं खरं, पण उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. खोट खेळणाऱ्यांत.

तीन वर्षं खपून त्याने पत्त्यांचा एक नवा डाव रचला होता, 'गडकोट'. प्रत्येकाचा एक गड, हातात फौज, तोफा आणि धान्याची पानं. धान्य संपलं की गड पडला. चित्रं त्याची, नियम त्याचे. लोक एकदा खेळायचे, तोंडभरून वाहवा करायचे, आणि दुसऱ्या डावाच्या वेळी प्रत्येकाला नेमकं घरचं काम आठवायचं. आज अच्युतबुवाही उठून गेले, तर पत्त्यांचा डबा सरळ घाटावरून नदीत सोडायचा, असं ठरवून गडी त्यांच्या मठात आला होता. वरून ताठा, आतून रडवेला.

बुवांनी त्याला आधी पानावर बसवलं. मठाची रीत अशी, की आल्यागेल्याने आधी जेवायचं, मग बोलायचं. कोठी सांभाळणाऱ्या वेणूताईंनी पिठलं-भाकरी वाढली. कौस्तुभने ती कशीबशी संपवली आणि ओसरीवर डाव मांडला. बुवा बसले, वेणूताई बसल्या, रोज दुपारी पत्ते कुटायला येणारे नावाडी इस्माईलभाईही बसले.

नियम सांगता सांगता चहा थंड झाला. खेळ सुरू झाला तरी याचं तोंड थांबेना. वेणूताईंनी पान टाकलं, की ते नको, हे टाका. इस्माईलभाईंनी तोफ काढली, की आत्ता नाही, जरा थांबा. शेवटी सगळ्यांचे गड त्यानेच घेतले. वेणूताईंना एकदम डाळ निवडायची आठवण झाली.

"पाहिलंत?" कौस्तुभ म्हणाला.

"पाहिलं... तू कुणाशी खेळत होतास?"

"तुमच्याशी. तिघांशी."

बुवांनी नुसतं 'हं' केलं. वेणूताईंना परत बसवलं आणि पाण्याचा तांब्या कौस्तुभपुढे सरकवला.

"तोंडभर घे. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. डाव संपेपर्यंत बाजूला बस."

तो बसला, गाल फुगवून. वेणूताईंनी चांगली तोफ फुकट घालवली, याचा जीव कासावीस. इस्माईलभाईंनी फौज भलतीकडेच धाडली, याने कपाळाला हात लावला. बोलायची मात्र सोय नव्हती.

बघता बघता बुवांनी इस्माईलभाईंच्या गडाला वेढा घातला. गडावर धान्याचा दाणा नाही. अजून एक फेरी, की खेळ खलास. पाळी आली वेणूताईंची. त्यांनी हातातलं धान्याचं पान उचललं आणि अलगद इस्माईलभाईंच्या गडावर ठेवलं.

"उपाशी कसं ठेवायचं माणसाला?"

कौस्तुभ ताडकन उठला. हे चालतच नाही, असं ओरडणार, तर तोंडात पाणी. डोळे बाहेर यायची वेळ आली. मग त्याने मनातल्या मनात सगळे नियम चाळले... आपलं धान्य दुसऱ्याला द्यायचं नाही, असं त्याने कुठेच म्हटलं नव्हतं. असं कुणी देईल, हेच कधी त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो खाली बसला.

पुढे काय धमाल झाली म्हणता! वाचलेल्या इस्माईलभाईंनी आपली फौज वेणूताईंच्या दिमतीला दिली आणि दोघांनी मिळून बुवांचा भक्कम गड पाडला. हरलेले बुवा पोट धरून हसले. वेणूताईंनी टाळीसाठी हात पुढे केला. डाळ तशीच राहिली. आणि कुणी न सांगता इस्माईलभाई पुन्हा पत्ते पिसू लागले.

पत्ते पुन्हा पिसल्याचा आवाज... एवढ्यासाठीच तर त्याने तीन वर्षं काढली होती. कौस्तुभने ओसरीच्या कडेला जाऊन चूळ टाकली आणि डोळेही पुसून घेतले.

"बुवा, हे मी केलेलंच नव्हतं..."

"हं."

"पण काय सुंदर झालं."

पानं वाटायला सुरुवात झाली. कौस्तुभ तिथेच घुटमळत राहिला. स्वतःच्याच खेळात बसायला परवानगी मागावी, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"बुवा, मी बसू?"

बुवांनी आपली पानं उचलली, एकेक करून लावून घेतली.

"मला काय विचारतोस? ज्यांचा खेळ आहे, त्यांना विचार."