समाधीची परवानगी

“…मग परवानगी देणार की नाही, बुवा?”

विश्वंभरने पुन्हा विचारलं. त्याचे गुरू राघोबुवा ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठाच्या मागून कुदळीचा आवाज येत होता. ठक्… ठक्… तिथे खड्डा खणायचं काम सुरू होतं.

या मठाच्या मूळपुरुषांनी म्हणे जिवंत समाधी घेतली होती. तेव्हापासून इथली रीत होती, की ज्याच्या सगळ्या इच्छा सरल्या त्याने गुरूकडे समाधी मागावी. पुढच्या पिढ्यांत कोणी मागितली नाही. शहाणी होती माणसं. आता विश्वंभर मागत होता.

विश्वंभर मठातला सगळ्यात हुशार शिष्य. उपनिषदं तोंडपाठ, वादात कोणाला हार जायचा नाही, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. पण पावसाळा सरला आणि तो खोलीबाहेर पडेनासा झाला. जेवण टाकलं, बोलणं टाकलं, आंघोळही टाकली. दाढी वाढली, डोळे खोल गेले. गुरुबंधूंना वाटलं, याला वैराग्य आलं. ते त्याच्या उंबऱ्यावर फुलं ठेवायला लागले.

मठातल्या माणसांची ही एक गंमतच असते. कोणी चार घास जास्त जेवला तर डोळे वटारतील, आणि कोणी उपाशी मरायला टेकला तर त्याच्या पाया पडतील.

बुवा बरेच दिवस परगावी होते. सकाळी परत आले तेव्हा उत्साही मंडळींनी परवानगीची वाट न बघताच कुदळ उचलली होती.

“काय नकोसं झालंय तुला?” बुवांनी विचारलं.

“सगळंच. अन्न, माणसं, ऊन. ग्रंथ उघडला तर नुसती अक्षरं दिसतात. कशातच मन उरलेलं नाही. यालाच वैराग्य म्हणतात ना?”

“पहाटे जाग येते?”

“येते.”

“आणि मग उजाडूच नये असं वाटतं.”

विश्वंभरने चमकून बुवांकडे पाहिलं.

“दिवस पुढ्यात दिसला की पोटात गोळा येतो?”

“…येतो.”

“विहिरीचं पाणी काढायचं काम तुझ्याकडे होतं. ते का सोडलंस? बोल, बाळा.”

“भीती वाटते, बुवा.” त्याचा आवाज अगदी बारीक झाला. “विहिरीची नाही. माझी मलाच. वाकून पाण्यात बघितलं, तर मी…”

ठक्… ठक्…

बुवांच्या हातातली शेंग खाली पडली. ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही. गुरूला घाबरलेलं विश्वंभरने कधी पाहिलं नव्हतं. ते बघून त्याचं उरलंसुरलं अवसानही गळालं.

“बुवा… तुम्ही घाबरलात?”

“घाबरलो. फार घाबरलो.”

बुवा उठले आणि मागच्या दाराशी जाऊन एवढ्या मोठ्याने ओरडले, की गोठ्यातली गाय दचकून उभी राहिली.

“बंद करा ते! बुजवून टाका खड्डा! आणि एकाने जाऊन वैद्यांना घेऊन या. असतील तसे या म्हणावं!”

कुदळ थांबली.

त्या शांततेत विश्वंभरची भीती आणखीच वाढली. खड्डा होता तोवर पुढचं सगळं ठरलेलं होतं. आता संध्याकाळ होती, रात्र होती, आणि परत ती पहाट होती. तो भिंतीला टेकून तिथेच खाली बसला.

“बुवा, वैराग्य नाही तर मग हे काय आहे?”

बुवा न्हाणीत गेले, चुलीत लाकडं सारली, पाण्याचा हंडा चढवला. पाणी तापल्यावर त्यांनी विश्वंभरला दंडाला धरून पाटावर बसवलं आणि तांब्या भरून त्याच्या डोक्यावर ओतला.

“अहो, हे काय करताय? मी तुम्हाला न्हाऊ घालायचं. गुरूने शिष्याचं अंग धुतल्याचं कुठल्या ग्रंथात आहे?”

“डोळे मीट. शिकेकाई जाईल.”

म्हातारा खसाखसा चोळत राहिला. मान, पाठ, कानामागचं, पायाच्या बोटांमधलं. काळं पाणी मोरीतून वाहत होतं. विश्वंभर आधी अंग चोरून बसला होता. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. बुवांनी त्याला गप्प बस म्हटलं नाही. तांब्या भरून पाणी ओतत राहिले.

“आज माझ्याशेजारी अंथरूण टाक,” पंच्याने त्याचं डोकं पुसत बुवा म्हणाले. “पहाटे जाग आली की मला हलव.”

“मग?”

“मग दोघं मिळून अंगण झाडू. नंतर भाकरी खायची. मातीसारखी लागेल, तरी खायची. ऊन आलं की बाहेर बसायचं.”

“आणि वैद्य?”

“ते जे देतील ते घ्यायचं. तोंड वाकडं न करता.”

“मी एवढं ब्रह्मज्ञान वाचलं, बुवा. आणि तुम्ही माझ्या हातात केरसुणी देताय?”

“जड वाटली तर अर्धं अंगण झाड.”

विश्वंभरला अजून थंडी वाजत होती. की भीतीच होती, कोण जाणे.

“याने हे जाईल?”

“जाईलच असं नाही सांगत.”

“मग असं किती दिवस करायचं?”

बुवांनी पंचा पिळला, झटकला, दोरीवर टाकला…

“ते मला ठाऊक नाही रे. माझं अजून चाललंय.”