संशयी कुत्रा आणि मांजरीची शेपटी

जंगलाच्या कडेला एका जुन्या खळ्यावर एक राखणदार कुत्रा राहत असे. इमानात तो कोणाला हार जाणारा नव्हता, पण संशय त्याच्या नाकातच बसलेला. साधे पान हलले तरी त्याला वाटे, इथे कुठेतरी पाणी मुरतेय. त्याच खळ्यावर गवताच्या गंजीआड एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. अंडी फुटायला आली होती. दुपारी घटकाभर दाणे टिपायला जाताना ती कुत्र्याला म्हणे, "दादा, तुमच्या भरवशावर जाते हं."

एकदा तिथे एक मांजरी राहायला आली. ती शेपटी ताठ उभी करून कुत्र्याकडे येई आणि त्याच्याकडे पाहत डोळे हळूच मिटून उघडी. आता मुलांनो, कुत्र्यांच्या जातीत ताठ शेपटी म्हणजे भांडणाचे आमंत्रण. 'ही मला दम देते, वर झोपेचे सोंगही घेते. हिचा डोळा अंड्यांवरच असणार,' असे मनाशी म्हणून तो तिच्या अंगावर धावून जाई. बिचारी झाडावर पळे आणि दुसऱ्या दिवशी शेपटी उभारून पुन्हा हजर होई. तिला काय हवे ते त्याने एकदाही विचारले नाही. विचारायचे कशाला? त्याला सगळे ठाऊक होते ना!

एके दुपारी कोंबडी चरायला गेली. मांजरी गंजीपाशी उभी होती. तिचे कान मागे चपटे झाले होते आणि शेपटी सपासप हलत होती. ते पाहून कुत्र्याला हायसे वाटले. 'आली एकदाची वठणीवर. शेपूट हलवायला शिकली,' असे म्हणून इतके दिवस डोळ्यांत तेल घालून जागलेल्या त्या शहाण्याने पंजांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, ते असे.

गंजीआड मुंगूस शिरले होते. मांजरी एकटीच त्याच्यावर तुटून पडली. त्या गलक्याने कुत्रा धावत आला, तोवर मुंगूस पसार झाले होते. मांजरीचा कान फाटला होता आणि गवतात नुसती टरफले पडली होती.

"मला हाक का नाही मारलीस?" कुत्रा गुरगुरला.

"एवढी शेपटी आपटत होते, दादा. तुम्ही पाहिलंत, मला वाटलं आता धावून याल."

"शेपटी हलवणं म्हणजे तर मैत्री."

"तुमच्यात असेल. आमच्यात तो राग. मैत्री करायला मी रोज शेपटी उभी करून येत होते, तेव्हा तुम्ही चावायला धावलात."

कुत्र्याला स्वतःची फार लाज वाटली. कोंबडी परतली, टरफलांभोवती फिरत राहिली आणि मग मांजरीच्या फाटलेल्या कानापाशी जाऊन बसली. पुढे तिने पुन्हा अंडी घातली. तिला चरायला निघालेली पाहून कुत्रा लगबगीने उठून उभा राहिला. ती त्याच्यासमोरून सरळ पुढे गेली आणि तिने अंडी मांजरीच्या हवाली केली.

तात्पर्य : दुसऱ्याच्या मनाचा अर्थ आपल्या रीतीने लावू नये, त्याची रीत त्यालाच विचारावी. न विचारता धरलेल्या संशयाने मित्र दुरावतो आणि खरा चोर नजरेतून सुटतो.