बोरदऱ्याचा अळणी भंडारा

पाहुणे, आमटी अळणी लागली ना? आचारी विसरलेला नाही. बोरदऱ्याच्या भंडाऱ्यात मीठ पडत नाही. पानातही वाढत नाहीत. जेवता जेवता ऐका.

फार मागे रूपला नावाचा लमाण बैलांवर मीठ लादून इथे यायचा, असे सांगतात. तेव्हा रस्ता नव्हता, दुकान नव्हते. गाव त्याच्याच मिठावर जेवायचे. एका साली गुरांवर रोग पडला आणि गावाने शीव बांधली. म्हणजे गावाभोवती कच्चे सूत फिरवले. देवीची पूजा उठेपर्यंत कुणी आत यायचे नाही, कुणी बाहेर जायचे नाही.

नेमका त्याच दिवशी रूपला आला. बायको वाटेतच अडली होती. तिला चिंचेखाली निजवून तो सुताजवळ येऊन उभा राहिला.

"पाटीलबाबा, मला आत घेऊ नका. सुईण तेवढी द्या."

"उद्या शीव सुटली की पाठवतो," येसबा पाटील म्हणाले.

"पोर उद्यापर्यंत थांबतंय होय?" ठकूबाई सुईण म्हणाली. "कापसाचं सूत ते. तुटलं तर मी वळून देईन."

"आणि गोठे रिकामे झाले तर बैलही वळून देशील काय?" गर्दीतून कुणी बोलले. चार माणसे हसलीही म्हणे.

ठकूबाई सुताच्या अलीकडे बसली. पोट कसे चोळायचे, पाठीला आधार कसा द्यायचा, तिथूनच ओरडून सांगत राहिली. रूपला ऐकू येईल तसे करीत होता. दिवस कलताना पलीकडून उत्तर येईनासे झाले.

माय गेली, लेकरूही गेले. रूपलाने दोघांना तिथेच माती दिली. मग बैलांवरच्या गोण्या उतरवून सुताला लागून ठेवल्या.

"तुमचं मीठ. आणतो म्हणालो होतो," एवढेच बोलला आणि बैल घेऊन निघून गेला.

गुरे वाचली. पण ते मीठ कुणाच्या घशाखाली उतरेना. तेव्हा गावाने देवीपुढे ठरवले, की रूपलाच्या तांड्यातले कुणी आपल्या हाताने घालील, तरच भंडाऱ्यात मीठ पडेल. आणि बोलवायला जाणाऱ्याने घडले ते सगळे आधी त्यांना सांगायचे.

तांडा लांब नाही. त्या टेकडीमागे धूर दिसतो ना, तो त्यांचाच.

आजही भंडाऱ्याआधी गाव देवळापुढे जमते. पुजारी विचारतो, "औंदा तांड्यावर कोण जातंय?" आम्ही सगळे मान खाली घालून पायाजवळची माती उकरीत बसतो. पुजारी थोडी वाट बघतो. मग म्हणतो, "बरं, चूल पेटवा."