कंदाचं डोकं

एकदा काय झालं, डोंगरातल्या एका पाड्यावर पवळी नावाची मुलगी राहायची. घरात तिची आय आणि धाकटी बहीण चिमी. त्या वर्षी पाऊस रुसला. नाचणी नाही, वरी नाही. कणगी रिकामी झाली. मग सगळा पाडा रानातले कंद खणून खायला लागला.

कंद काढायची एक रीत होती, बरं का. कंद खणायचा, पण त्याचं डोकं, म्हणजे जिथून वेल फुटतो तो वरचा तुकडा, कापून परत खड्ड्यात ठेवायचा. वर माती लोटायची. मगच घरी यायचं.

एके दिवशी आय तापाने पडली. मग पवळी एकटीच रानात गेली. दिवस कलला होता, पाचोळा वाजला तरी ती दचकत होती. "कापत कोण बसतंय?" म्हणाली, नि अख्खा कंद पाटीत टाकून पळत सुटली. घरी डोक्यासकट शिजवला.

संध्याकाळी बघते तर कुंपणापाशी खड्डा! सकाळी तिथे नव्हता. आतून जड आवाज आला, "माझं डोकं दे." पवळीने दार लावलं. आयला काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशीही तिने अख्खाच कंद आणला. आता भीतीपेक्षा हाव मोठी होती हो! तेवढाच एक घास जास्त. मग दुसरा खड्डा अंगणात आला. "माझं डोकं दे."

तिसऱ्या दिवशीही तिने अख्खाच कंद आणला नि पाटी चुलीपाशी ठेवली. तेवढ्यात चिमी दारात खेळायला गेली नि किंचाळली. उंबऱ्यापाशीच तिसरा खड्डा! चिमी कमरेपर्यंत आत गेली होती. पवळीने तिचे हात धरून ओढलं. मातीने त्याहून जोरात ओढलं. चिमी छातीपर्यंत गेली. मग गळ्यापर्यंत. तिन्ही खड्डे एकदम बोलले, "आमची तीन डोकी दे. नाहीतर हे डोकं ठेवून घेतो."

पवळीने पाटीकडे मान वळवली. दोन डोकी तर पोटात गेलेली! पाटीत एकच.

आतून आय कशीबशी ओरडली, "पवळे, डोक्यावर कोंब किती, ते बघ गं!"

पवळीने बघितलं. तीन कोंब! मग तिने कोयत्याने डोक्याचे तीन तुकडे केले, प्रत्येकावर एक कोंब. आय लागवडीला करायची तसे चुलीतल्या राखेत घोळले. एक तुकडा कुंपणापाशी पुरला. चिमी गळ्याशीच थांबली. दुसरा अंगणात पुरला. चिमी कमरेपर्यंत वर आली. तिसरा चिमीच्या शेजारी ठेवला, तशी मातीने तिला अलगद बाहेर ढकललं नि खड्डा मिटला. पवळी तिला पोटाशी धरून हमसून हमसून रडली.

त्या दिवशी उरलेला कंद शिजवला. घास थोडे कमी पडले, पण कुणी कुरकुरलं नाही.

मग पाऊस आला. तिन्ही जागी वेल चढले, आयचा ताप गेला, नि पुढे सगळ्या पाड्याला पोटभर कंद मिळाले. सगळी सुखात राहिली. पवळी मात्र म्हातारी होईपर्यंत उंबरा ओलांडताना आधी खाली बघायची.

घ्या बरं पाय पांघरुणात. आपली जमीन घट्ट आहे, मी बघून आलेय. मिटा डोळे.